खोली आजची, हप्ता नातवाचा

निवृत्त झाल्यावरही काही माणसांची खोड जात नाही. आमच्या गल्लीतले जुने पोस्टमास्तर अजूनही पाकीट हातात घेतले की आधी शिक्का पाहतात. तसा मी कोणत्याही शाळेत गेलो की आधी छताकडे पाहतो. चौतीस वर्षे एका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून बाहेर पडलो. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे शाळाखोल्या बांधण्यात, त्यांची डागडुजी करण्यात आणि वाचवता न आलेल्या खोल्यांचे निर्लेखन करण्यात गेली. तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही उभयता मुलाकडे सॅन डिएगोला गेलो आणि पालकांच्या संध्याकाळी नातवाच्या शाळेत जाण्याचा योग आला, तेव्हाही मी वर पाहिले. मग टाचेने जमीन ठोकून पाहिली. पोकळ आवाज आला.

"आजोबा, असं नाही करायचं," नातू कुजबुजला. वय वर्षे आठ.

ती खोली जमिनीवर उभी नव्हती, ठेवलेली होती. कारखान्यात तयार करून, मोटारीवर लादून आणलेली खोली. तिकडे तिला 'पोर्टेबल' म्हणतात. मी पावलांनी मोजली: चोवीस फूट बाय चाळीस फूट. कॅलिफोर्नियात वर्गखोलीचे ९६० चौरस फुटांचे जे माप रूढ आहे, ते हेच. आमच्या वेळच्या खेड्यातल्या दोन खोल्या तिच्यात आरामात मावल्या असत्या. आत तीसएक मुलांची बाके, भिंतीला गालिचासारखे कापड, वातानुकूलन. बाहेरून मात्र कंत्राटदाराची साइट-ऑफिस वाटावी अशी. मुलगा म्हणाला, "तात्पुरती आहे बाबा." किती वर्षांची तात्पुरती, हे त्यालाही ठाऊक नव्हते. 'तात्पुरती' हा शब्द कोणत्याही देशातल्या बांधकाम खात्यात एकाच अर्थाने वापरतात हे पाहून मला जरा आपलेपणा वाटला.

पुढे ऑक्टोबरात दोन जाडजूड लिफाफे एकाच आठवड्यात घरी आले. एक घराच्या कराचे बिल, दुसरे ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका आणि सोबत माहितीपुस्तिका. मुलगा आणि सूनबाई कामावर, नातू शाळेत, आमच्या सौ. भाजी निवडत बसलेल्या. मी चष्मा पुसला आणि अंदाजपत्रक तपासावे तसे ते कागद वाचायला घेतले. शाळा कशी बांधतात हे मला माहीत होते. वाढत्या वस्तीत तिचे पैसे कोण आणि केव्हा देतो, हे तिथे पहिल्यांदा उलगडले.

तिकडे शाळा चालवते ते 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. शिक्षणापुरती वेगळी स्थानिक संस्था, तिचे निवडून दिलेले मंडळ, तिचा स्वतःचा खजिना. मुलगा राहतो ती रँचो पेन्यास्कितोस वस्ती पोवे युनिफाइड या डिस्ट्रिक्टमध्ये येते. विद्यार्थी पस्तीस हजारांच्या आसपास. काही दशकांपूर्वी इथे बोडक्या टेकड्या होत्या. मग एकेका टेकडीवर घरांच्या रांगा चढत गेल्या. चांगल्या शाळा आहेत म्हणून माणसे आली आणि माणसे आली म्हणून शाळा अपुऱ्या पडल्या.

पोरे किती येणार याचा हिशेब ते पद्धतशीर करतात. पहिलीतली किती मुले दुसरीत टिकतात याचे काही वर्षांचे प्रमाण काढायचे, जन्मांचे आकडे घ्यायचे आणि बिल्डर जी घरे बांधणार आहे त्यांत घरामागे सरासरी किती मुले येतील ते मांडायचे. अडचण अशी की नवी वसाहत सगळी एकाच वयाची असते. पहिली काही वर्षे बालवर्ग फुगतो, तो फुगवटा वर वर सरकतो, आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्याच घरांत आमच्यासारखी दोन-दोन म्हातारी उरतात. पक्क्या खोल्या बांधल्या तर पुढे ओस पडतात, न बांधल्या तर आज मुले व्हरांड्यात. म्हणून ती उचलून नेता येणारी खोली. टाच आपटून मी तिला नावे ठेवली खरी, पण तिच्यामागे थोडा विचार होता.

आता पैसे. पूर्वी घराच्या करातून शाळा चालत. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केले: घराच्या मूल्याच्या एक टक्क्याहून अधिक मूळ कर नाही, आणि घर विकले जात नाही तोवर हे करापुरते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही. फार जुन्या काळी घर घेतलेला माणूस आणि शेजारी तसलेच घर काल घेतलेला माणूस यांच्या करात त्यामुळे काही पटींचा फरक पडतो. जुन्या रहिवाशांना दिलासा मिळाला, पण नव्या शाळेचे पैसे आणायचे कोठून, हा प्रश्न उरला.

एक उत्तर मला कोजागिरीच्या रात्री कळले. मुलाच्या मित्राकडे, फोर एस रँच नावाच्या नव्या वसाहतीत, मसाला दूध होते. चंद्र आपलाच, दूध मात्र बदामाचे. तो मित्र मूळचा साताऱ्याचा. कराचा विषय काढताच तो उसळला. "काका, आम्ही घराचा कर भरतो तो वेगळा, आणि वर मेलो-रूस!" हा मेलो-रूस म्हणजे कोणी सावकार असावा अशी माझी समजूत झाली. तो १९८२ चा कायदा निघाला, दोन आमदारांच्या नावाचा. नव्या वसाहतीपुरता एक खास कर लावायचा, त्याच्या जोरावर आधीच कर्ज उभारायचे आणि रस्ते, शाळा बांधायच्या. घर घेणाऱ्याने तो वर्षानुवर्षे फेडायचा. मित्राची तक्रार रास्त वाटली, पण एक गोष्ट मनाला पटली: घरांबरोबर शाळा येते. शिवाय बिल्डरकडून शाळांसाठी शुल्क घेण्याची आणि १९९८ पासून नव्या शाळेचा निम्मा खर्च राज्याने उचलण्याची रीत आहे, पण तो निम्मा मिळण्यासाठी उरलेला निम्मा डिस्ट्रिक्टने आणावा लागतो.

मला हे पटले, कारण आमच्याकडे याच्या नेमके उलट चाले.

साल १९९४. आमच्या तालुक्यात औद्योगिक वसाहत येत होती आणि तिच्या रस्त्यावरचे एक गाव अंगावर सूज यावी तसे वाढत होते. मळ्यांतून चाळी उठल्या. शाळेला खोल्या दोन, वर्ग चार. उरलेले दोन वर्ग मारुतीच्या देवळात आणि पारावर. मुख्याध्यापक दर सोमवारी कार्यालयात येऊन बसत. मी चार खोल्यांचा प्रस्ताव केला, प्रशासकीय मान्यता दोनांना मिळाली. ठीक आहे. पण मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, पावसाळा आणि ठेकेदाराच्या घरचे लग्न हे सारे उरकून खोल्यांना रंग लागेपर्यंत पटावर आणखी दोन खोल्यांची पोरे चढलेली होती. आमचा पैसा नेहमी मुलांच्या मागून यायचा. पोर पहिलीत असताना मागितलेली खोली मिळे तेव्हा ते मिसरूड फुटून एसटीने हायस्कूलला जात असे.

त्या दोन खोल्यांत मी एक आगाऊपणा केला. नेहमीच्या दगडी भिंतींऐवजी कॉलम घेतले, पाया दोन मजल्यांना पुरेल असा घातला आणि कॉलमची लोखंडे स्लॅबच्या वर हातभर काढून ठेवली. गंजू नयेत म्हणून त्यांवर पातळ सिमेंटचा हात दिला. खर्च वाढला. तो भागवण्यासाठी दुसऱ्या एका गावच्या शाळेची कुंपणभिंत पुढच्या वर्षावर ढकलली. त्या शाळेच्या बाई मला भर सभेत म्हणाल्या, "साहेब, तुमच्या त्या वरच्या मजल्यावर कावळे बसतात, आणि आमच्या वर्गात म्हशी." बाईंचे खोटे नव्हते. लेखापरीक्षणात 'आवश्यकतेपेक्षा जादा खर्च' असा आक्षेप निघाला आणि त्याचे खुलासे देण्यात माझी तीन वर्षे गेली. २००६ साली सर्व शिक्षा अभियानातून त्या शाळेला दोन खोल्या मिळाल्या. पाया तयारच असल्याने त्या तिथेच वर चढल्या, जागा शोधावी लागली नाही. मी तेव्हा बदलून गेलो होतो. आक्षेप निकाली निघाला की नाही, ते मला कोणी कळवले नाही.

असो. हे सांगितले ते एवढ्यासाठी की पुढच्या पिढीसाठी पाया घालून ठेवण्याची हौस मी पाहिलेली आहे, तिची किंमत कोणाला पडते तेही. पोवेच्या कागदांत दिसले ते निराळेच होते.

नव्या वसाहतींच्या शाळा मेलो-रूसवर झाल्या. पण जुन्या भागातल्या शाळा जुन्या होत चालल्या होत्या. छते, नळ, विजेच्या तारा, सारेच. त्यांच्या नूतनीकरणासाठी २००२ साली मतदारांनी १९ कोटी ८० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. ते पुरले नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये आणखी १७ कोटी ९० लाख मागितले. आश्वासन असे दिले की कराचा दर वाढणार नाही. करपात्र मूल्याच्या लाखामागे ५५ डॉलर देता, तेवढेच देत राहा. मतदारांनी होकार दिला. कोण नाही देणार? शाळा दुरुस्त होणार आणि कर तेवढाच!

मग त्याच वर्षी घरांचा बाजार कोसळला. मूल्ये वाढतील, त्यांवरचा कर वाढेल आणि त्यातून हप्ते जातील हे सारे गणित बसले. कामे तर अर्धवट पडलेली. दर वाढवायचा नाही असा शब्द दिलेला. अशा कात्रीत २०११ साली मंडळाने 'कॅपिटल अ‍ॅप्रिसिएशन बाँड' नावाचे रोखे काढले. यांत पहिली वीस वर्षे काहीच द्यायचे नाही, ना मुद्दल ना व्याज. व्याज मुद्दलात मिळत राहते, त्यावर पुन्हा व्याज. घेतले १० कोटी ५० लाख डॉलर. २०५१ पर्यंत फेडायचे ९८ कोटी १० लाख. मुदतीआधी फेडून मोकळे होण्याची सोयही ठेवली नव्हती.

मी आकडा दोनदा वाचला. शून्य चुकले असेल म्हणून पुन्हा वाचला. नऊ पटींहून अधिक!

संध्याकाळी नातवाला समजावे म्हणून सौ.च्या डब्यातला राजमा घेऊन जेवणाच्या टेबलावर मांडला. सात टक्के चक्रवाढीने पैसा दहा वर्षांत साधारण दुप्पट होतो. आज एक दाणा. दहा वर्षांनी दोन, वीस वर्षांनी चार, तिसांनी आठ, चाळिसांनी सोळा. मधल्या काळात जे फेडले जाईल ते वजा जाते, म्हणून पोवेचे सोळा न होता नऊ झाले. नातू दाणे मोजत म्हणाला, "आणि हे कोण देणार?" मी हिशेब केला. २०५१ मध्ये तो पस्तीस वर्षांचा असेल. छतावरचे आवरण आणि वातानुकूलनाची यंत्रे यांचे आयुष्य मात्र वीस-पंचवीस वर्षे. म्हणजे ज्या छतासाठी कर्ज काढले ते गळायला लागून, उतरवून, दुसरे बसवून, तेही जुने झाल्यावर पहिल्याचे हप्ते चालू असतील.

ही गोष्ट लोकांना कळली ती 'व्हॉइस ऑफ सॅन डिएगो' या स्थानिक वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१२ मध्ये छापल्यावर. देशभर गाजावाजा झाला. मग उघड झाले की पोवे एकटे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या दोनशेच्या घरात शाळा-डिस्ट्रिक्टांनी आणि कॉलेजांनी असले रोखे काढले होते. मिशिगन राज्याने तर १९९४ मध्येच त्यांवर बंदी घातली होती. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून वेसण घातली: असल्या रोख्यांची मुदत पंचवीस वर्षांहून जास्त नको आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीहून जास्त नको.

चौपट! मला माझ्या आजोबांची आठवण झाली. आमच्या घरात एक शब्द भीतीने आणि आदराने उच्चारला जाई: दामदुप्पट. हिंदू धर्मशास्त्रातला हा जुना नियम मुंबईचे हायकोर्टही मानत आले: सावकाराला एका वेळी वसूल करता येणारे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. शंभराचे दोनशे, तिथे थांबा. व्यवहारात सावकार दोनशेचे नवे खत लिहून घेत आणि चक्र पुन्हा सुरू करीत, ते वेगळे. याच चक्राला कंटाळून मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते लोण आसपासच्या गावांत पसरले आणि सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. 'रोखे' शब्द तोच. फरक एवढाच, की सुप्याच्या शेतकऱ्याने निदान स्वतः अंगठा उठवला होता. माझ्या नातवाचा २०११ साली जन्मही झालेला नव्हता.

हे सगळे मी रात्री जरा चढ्या आवाजात सांगितले. सूनबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्ही त्या मंडळावर असता तर काय केलं असतं? छत गळतंय, मुलं आत आहेत, बाजार पडलाय आणि कर वाढवणार नाही असं लिहून दिलंय."

मी गप्प झालो. न बांधण्याचीही किंमत असते, आणि ती मी आकड्यांत पाहिलेली नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, मला काही आठवडे तिकडे पंचनाम्यांच्या कामावर पाठवले होते. भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, म्हणून शाळा रिकाम्या होत्या, एवढेच सुदैव. कॅलिफोर्नियात लाँग बीचला १० मार्च १९३३ रोजी असाच भूकंप झाला, संध्याकाळी सहाच्या थोडे आधी. सत्तर शाळा जमीनदोस्त झाल्या, पण मुले घरी गेलेली होती. ते लोक नशिबावर विसंबले नाहीत. बरोबर एका महिन्यात फील्ड कायदा आला: शाळेचे नकाशे राज्याच्या वास्तुतज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, बांधकामावर स्वतंत्र निरीक्षक ठेवायचा. शाळा त्यामुळे महाग पडते, तात्पुरती खोलीसुद्धा. पण त्या कायद्याप्रमाणे बांधलेली शाळा भूकंपात पडून मूल दगावल्याचे उदाहरण नाही. आमच्याकडे, अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत ऑगस्ट २०१७ मध्ये पावसात कोसळले आणि तीन मुले गेली. तेव्हा मी निवृत्त होतो, तो माझा जिल्हाही नव्हता. तरी त्या रात्री मी माझ्या हातून गेलेल्या खोल्या एकेक आठवत जागा होतो. कोणती धोकादायक म्हणून कागद पाठवला होता, कोणता पाठवायचा राहिला.

तेव्हा कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे. शाळेची इमारत पन्नास वर्षे टिकते, तिचे पैसे एकाच वर्षीच्या पालकांनी का द्यावेत? पंचवीस वर्षे वापरणाऱ्यांनी पंचवीस वर्षे फेडावे, हे न्यायाचे आहे. चूक तिथे होते जिथे पहिला हप्ता, मते देणाऱ्यांपैकी कोणालाच द्यावा लागणार नाही इतका लांब टाकला जातो. आमच्या किराणा दुकानात पाटी असे, 'आज रोख, उद्या उधार'. इथे उधारी होती, पण आज उचलणारे आणि उद्या फेडणारे गिऱ्हाईक वेगळे होते.

याचा एक परिणाम असा झाला की विश्वास उडाला. मार्च २०२० मध्ये पोवे डिस्ट्रिक्टने ४४ कोटी ८० लाख डॉलरचे साधे कर्जरोखे मागितले. ५५ टक्के मते हवी होती, मिळाली नाहीत. त्याच दिवशी राज्याचाही शाळा-रोख्यांचा प्रस्ताव पडला. योगायोगाने त्याचा क्रमांक होता तेरा! १९७८ च्या त्या कायद्याशी लोकांनी गल्लत केली असे पुष्कळांचे म्हणणे पडले.

आता नोव्हेंबर २०२४ साठी राज्याचा नवा प्रस्ताव मतपत्रिकेवर होता, क्रमांक दोन. एक हजार कोटी डॉलरचे रोखे, त्यांतले ८५० कोटी शाळांच्या इमारतींसाठी, उरलेले कम्युनिटी कॉलेजांसाठी. मुलाने पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. "बघा बाबा, तुमचं डिपार्टमेंट."

मला मत नाही, पण हिशेबाला कोणाची हरकत? पुस्तिकेत लिहिले होते: वर्षाला सुमारे पन्नास कोटी, पस्तीस वर्षे. म्हणजे साडेसतराशे कोटी. पावणेदोन पट. दामदुपटीच्या आत बसत होते, आणि हप्ते लगोलग सुरू होणारे, म्हणजे मत देणाऱ्याच्याही खिशातून. मी मुलाला म्हणालो, "अरे, माझी तांत्रिक मान्यता आहे. प्रशासकीय तुमची तुम्ही द्या."

सूनबाईंना पटले नाही. त्यांचा मुद्दा असा: राज्य निम्मा वाटा देते तो ज्याच्याजवळ उरलेला निम्मा आहे त्याला. महागड्या घरांच्या डिस्ट्रिक्टांना तो उभारता येतो. जिथे घरे स्वस्त, तिथली छते गळतच राहतात. आणि राज्यातले एकूण विद्यार्थी तर काही वर्षे कमीच होत चाललेत. मी म्हटले, त्यासाठी वाटपाचे सूत्र बदला, पैसे कशाला अडवता? त्या म्हणाल्या, पैसे अडल्याशिवाय सूत्र बदललेलं तुम्ही चौतीस वर्षांत कधी पाहिलंत का? मी नव्हते पाहिले. वाद पोळ्या थंड होईपर्यंत चालला. सौ.नी राजमा पुन्हा डब्यात भरला, दुसऱ्या दिवशी भिजत घालायला.

दोन दिवसांनी दोघांनी आपापले लिफाफे सह्या करून बंद केले. मुलाने 'होय' केले होते, सूनबाईंनी 'नाही'. कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकायला नातू आणि मी चालत गेलो. प्रस्ताव पुढे मंजूर झाला. कराच्या बिलाची अंतिम तारीख १० डिसेंबर होती. मुलाने ते आमच्या परतीच्या विमानाआधी भरून टाकले.